तात्यांचा एकच शब्द

तुम्ही चहा सांगा, मग ऐका. आईशप्पथ, यातलं अक्षरन् अक्षर खरं हाय. म्हणजे, बैल काय म्हणाला तेवढं सोडून.

भवानीनगरला एसटीडी बूथच्या माडीवर सरांचा इंग्रजीचा क्लास होता. तिथं किस्से एवढे साठायचे की इंग्रजीला जागाच उरायची न्हाय. निम्मे तर एकट्या तात्यांचे.

आम्ही बारावी नापास, साठीतले तात्या चौथी पास. पहिल्याच दिवशी सरांना म्हणाले, "मला एकच शब्द पायजे. आमच्या हिच्या डोळ्याचं आपरेशन हाय बारामतीला. पट्टी सुटली की तिला कायतरी चांगलं म्हणायचंय."

"मग मराठीत म्हणा की."

"पोरं, सुना उभ्या असणार. आजवर 'अगं'च्या पुढं गेलो न्हाय. त्यांच्यासमोर मराठीत कसं बोलू?"

*

सरांनी 'ब्राइट' दिला. तात्या म्हणाले, "ते बल्बला म्हणत्यात." 'शायनिंग' दिला. "ते बुटाला." मग 'रेडियंट' दिला. तात्यांनी तोंडात घोळवला. "हा बसला. पण हा कुठला?"

तात्या बैलसुद्धा गाव विचारल्याशिवाय घेत न्हाईत.

*

सर आम्हाला खाली तात्यांच्या बैलगाडीपाशी घेऊन गेले. बाकीच्या गाड्या टायरवर गेलेल्या, तात्यांचीच तेवढी लाकडी चाकांची. सरांनी चाकाच्या आऱ्यावर, मधनं कडंला जाणाऱ्या दांडीवर, बोट ठेवलं.

"लॅटिनमध्ये ह्याला रेडियस म्हणायचे. मधनं आरे निघतात तसे सूर्यातनं किरण निघतात. म्हणून किरणालाही तोच शब्द. त्यावरनं रेडियंट. चहूकडं उजेड टाकणारा."

"लॅटिन कुणाचं?"

"रोमचं. आता बंद पडलं."

साखर कारखाना बंद पडल्यागत तात्या हळहळले. "संचालक खराब असत्याल."

*

वाक्यात उपयोग करायचा होता. मी लिहिलं, 'माय बफेलो इज रेडियंट.'

सरांनी विचारलं, "धुतली होती का?"

"व्हय."

"मग बरोबर."

*

मी तात्यांना सांगितलं, इंग्रजी धोतरावर चालत न्हाय. दुसऱ्या दिवशी जावयाची प्यांट घालून आले. धोतरावरनं.

सराव घराला लागून असलेल्या गोठ्यात चालायचा, मोठ्यानं. आधी शब्द, मग अर्थ, मग आरे, मग रोम. आठवड्यात ढवळ्या बैल "पुरे" म्हणाला म्हणे.

*

डॉक्टर म्हणाले होते, तात्यांच्या बायकोला, आमच्या काकीला, दिसंल का न्हाय ते पट्टी सुटल्यावरच कळंल. त्या दिवशी सर आणि मी पण बारामतीला गेलो. पोरं, सुना भिंतीला टेकून उभ्या. तात्या पुढं, प्यांटीत.

पट्टी सुटली. काकी नुसती डोळे मिचकावत बसली.

मग म्हणाली, "ही प्यांट कुणाची?"

तात्यांनी टोपी काढली. घसा दोनदा साफ केला. सगळ्यांदेखत म्हणाले, "यू आर रेडियंट."

सुना एकमेकींकडं बघाय लागल्या. काकीनं पदर सारखा केला, खाली बघितलं, अन् म्हणाली, "कशाचं काय. आरे ढिले झाल्यात आता."

...

झाला किस्सा. चहा मी मागवला न्हवता. काढा पैसे.