दुसऱ्या पानावरची आत्या

माझ्या मुलीचा नर्सिंगला नंबर लागला, पण प्रवेश कच्चा होता. महिन्याच्या आत जात पडताळणीचा दाखला दिला नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती. आम्ही लोहार. सगळ्या तलवाड्याला हे ठाऊक आहे, पण तसं सांगणारा जुना कागद एकही नव्हता. वडिलांच्या शाळेच्या उताऱ्यावर जातीच्या रकान्यात नुसतं 'हिंदू' लिहिलेलं. आजोबा तर शाळेत गेलेच नव्हते. मी नेकनूरला खतबियाण्याच्या दुकानात कामाला. मला स्वतःला असल्या दाखल्याची कधी गरज पडली नव्हती, म्हणून सुरुवात कुठून करायची हेही माहीत नव्हतं.

वडील वारले त्याला सात वर्षं झाली. घरातलं मोठं माणूस म्हणजे काका. तलवाड्यात रस्त्याला लागून त्यांचं वेल्डिंगचं दुकान आहे. काम चुलतभाऊ बघतो, काका दारात खुर्ची टाकून बसतात. ऐंशीला टेकलेत, तरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात की बापाच्या हातची कला घरात फक्त माझ्याकडं आली. त्यांना मी विचारलं, आजोबांचा एखादा जुना कागद असेल का? ते लगेच म्हणाले, "काय बी न्हाई." मी पुढं काही बोलायच्या आत खुर्चीवरून उठले आणि आत निघून गेले. गिऱ्हाईक आलं तरी काका खुर्ची सोडत नाहीत. मला ते खटकलं, पण त्या दिवशी तेवढंच.

तालुक्याला नोंदणी कार्यालयात खेटे घालताना एका म्हाताऱ्या कारकुनानं सुचवलं की जुन्या सूच्या बघा, कधी काही खरेदी, गहाण झालं असेल तर नाव सापडेल. दोन दिवस मी त्या पिवळ्या पानांवर बोट फिरवत बसलो. तिसऱ्या दिवशी आजोबांचं नाव दिसलं. पुढं लिहिलं होतं, वसीयतनामा, म्हणजे मृत्युपत्र. मला वाटलं, दुसराच कुणीतरी असणार. फाळ आणि खुरपी घडवणाऱ्या माणसाकडं वसीयत करण्यासारखं होतं काय? पण गाव बरोबर होतं, बापाचं नाव बरोबर होतं. नक्कल मिळायला पाच दिवस गेले. हातात आली तर ती मोडी लिपीत, सूची तेवढी देवनागरीत होती. मुदतीचे तेरा दिवस उरले होते.

बीडला मोडी वाचणारे एक निवृत्त गुरुजी होते. त्यांच्या ओसरीवर माझ्यासारखेच आठदहा जण आपापले कागद घेऊन बसलेले. माझी पाळी आली तेव्हा दुपार उलटली होती. गुरुजींनी पहिलं पान वाचलं. जात लोहार, धंदा लोहारकाम, राहणार तलवाडा. मी सुटकेचा श्वास सोडला आणि विचारलं, एवढं पुरेल ना? ते म्हणाले, "पुरेल. पण पुढचं ऐकून घ्या."

दुसऱ्या पानावर शेत नव्हतं, सोनं नव्हतं. एक ऐरण, दोन घण, कातड्याचा भाता, चार सांडशा, आणि रस्त्याकडेची भट्टीची जागा, जी त्यांनी स्वतःच्या कमाईतून घेतली होती. मग ज्यांचं लोहारकाम त्यांच्याकडं होतं ती गावातली घरं. खालच्या आळीचं काम थोरल्यानं करावं, वरच्या आळीचं धाकट्यानं. आजोबा मी पाहिले नाहीत. घरात त्यांचा फोटो नाही. पण ती यादी ऐकताना पहिल्यांदा मला त्या माणसाचा दिवस दिसला. कुणाच्या नांगराचा फाळ, कुणाच्या गाडीच्या चाकाची लोखंडी धाव, सगळं त्याच्या डोक्यात होतं. जाताना त्यानं पोरांना काम वाटून दिलं.

गुरुजींनी चष्मा पुसला आणि पुढचं वाचलं. ऐरण, घण, भाता आणि भट्टीची जागा माझ्या लेकीला. नवरा वारल्यापासून ती माझ्याजवळ घण मारते. हत्याराला पाणी देण्याची नजर तिलाच आहे. दोघा मुलांना ती नाही.

तापलेलं हत्यार नेमक्या रंगाला आलं की पाण्यात घालायचं असतं. क्षणभर आधी घातलं तर धार वाकते, नंतर घातलं तर तुटते. लोहाराच्या घरात 'तुला नजर नाही' यापेक्षा वाईट काही म्हणता येत नाही.

ती लेक म्हणजे माझी आत्या. तिला मी ओळखत होतो ती एवढीच: पंचमीला यायची, भावांना भेटायची आणि मुक्काम न करता परत जायची. पहिला नवरा वर्षात गेला म्हणून ती माहेरी आली होती. आजोबा गेल्यावर भावकीनं तिचं दुसरं लग्न शिरूर कासारकडं लावून दिलं. तिथून पुढं ती ऊसतोडीलाच जात राहिली, दरवर्षी, हातपाय थकेपर्यंत. भट्टी तिच्या नावावर लिहिली होती हे आमच्या घरात कधी कुणी बोललं नव्हतं.

दाखल्यासाठी आणखी एक गोष्ट लागत होती, घरातल्या वडीलधाऱ्याचं वंशावळीचं शपथपत्र. म्हणजे काकांची सही. नक्कल घेऊन मी तलवाड्याला गेलो. काकांनी कागद हातात घेतला नाही. लांबूनच बघितला आणि चुलतभावाला सामान आणायला पिटाळलं. मग माझ्याकडं न बघता नजरेची ती ओळ म्हणून दाखवली. अक्षर इकडचं तिकडं नाही.

"चावडीवर पंचांपुढं वाचलं होतं," ते म्हणाले. "मी पंधरा वर्षांचा होतो. समदे हसले. बाया चावडीवर येत न्हवत्या."

मी कागदाची घडी घातली. ते पुढं म्हणाले की सही देतो, पण यातलं अक्षर शिरूरला जाता कामा नये. मी नुसती मान हलवली. तेवढ्यानं त्यांचं भागेना.

"तोंडानं बोल. पोरीची शपथ घे."

नऊ दिवस राहिले होते. मी मुलीची शपथ घेतली. त्यांनी तिथंच, लोखंडाच्या टेबलावर कागद ठेवून सही केली.

पडताळणी समितीपुढं सगळी पानं द्यावी लागली. तिथला माणूस एकेक पान उलटत होता तेव्हा दुसऱ्या पानावर तो थांबेल, काही विचारेल, असं मला वाटत राहिलं. त्यानं फक्त पहिल्या पानावर खूण केली. मुदतीच्या दोन दिवस आधी दाखला मिळाला. बायकोनं पेढे वाटले. माझा मी तसाच डब्यात ठेवून दिला.

दोन महिने मी स्वतःला समजावलं. झालं गेलं होऊन गेलं, आता उकरून कुणाचं भलं होणार? दसरा झाला, ऊसतोडीच्या टोळ्या निघायचे दिवस जवळ आले. बाजारात कळलं की आत्याचा नातूही बायकोला घेऊन यंदा कारखान्यावर जाणार आहे. आयटीआयला वेल्डिंग शिकलेला पोरगा. म्हातारी मागं एकटी, दोन पणतवंडं सांभाळत. त्या रविवारी बायकोला खोटं सांगून मी शिरूरला गेलो.

आत्या अंगणात मटकी निवडत बसली होती. मी कागद वाचला. गुरुजींनी देवनागरीत उतरवून दिलेलं सगळं, शेवटच्या ओळीपर्यंत. मला वाटलं होतं रडेल, नाहीतर म्हणेल, जाऊ दे बाबा, माझं वय झालं. ती म्हणाली, पुन्हा वाच. मी पुन्हा वाचलं.

"मला कावून न्हाई सांगितलं कुणी?"

तिनं सूप बाजूला ठेवलं. जागा आता कुणाकडं आहे, दुकान केवढं आहे, रस्त्याला तोंड कुठल्या बाजूनं आहे, असं सगळं नीट विचारून घेतलं. मग नातसुनेला हाक मारून ठेवणीतलं लुगडं काढायला सांगितलं. नातवानं टोळीच्या मुकादमाला अजून शब्द दिला नव्हता, त्याला घरीच थांबायला सांगितलं.

दोन एसट्या बदलून आम्ही तलवाड्याला पोचलो. काका खुर्चीत होते. आत्याला बघून आधी हसले, मग तिच्यामागं मला बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. चुलतभावानं वेल्डिंग थांबवलं.

"शपथ मोडलीस," काका मला म्हणाले.

"त्याच्याकडं नगं बघू," आत्या म्हणाली. "माझ्याकडं बघ."

ती लोखंडी अँगलच्या चळतीवर बसली. मग ती हळूहळू बोलायला लागली, आवाज न चढवता. बापानं लिहिलं ते खरंच होतं, म्हणाली. दोघा भावांना नजर नव्हती.

"पन नजर शिकवता येती. तुमी मला भट्टीजवळ उभं राहू दिलं न्हाई. मग तुला शिकवनार कोन?"

काका उठले आणि घराकडं चालू लागले. चुलतभाऊ माझ्या अंगावर आला. म्हणाला, कोर्टात जा, आता काय होतंय बघू. मी आधीच एका वकिलाला विचारलं होतं. इतक्या वर्षांनी कोर्टात काही उभं राहणार नाही, असं तो म्हणाला होता. मी ते चुलतभावाला सांगितलं नाही. आत्याला मात्र परतीच्या एसटीत सांगितलं.

तिसऱ्या दिवशी हॉस्टेलवरून फोन आला की मुलीला ताप आहे, उतरत नाही. मी अशा गोष्टी मानणारा माणूस नाही. तरी ते दोन दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. दवाखान्यात तिच्या खाटेजवळ बसून मी मनातल्या मनात कुणाकुणाची माफी मागत होतो. ताप उतरला. डॉक्टर म्हणाले, साधा व्हायरल होता. मुलीला मी शपथेचं अजून सांगितलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात चुलतभावाचा फोन आला. आवाज कोरडा होता. "म्हातारा म्हणतोय, जागा मोजायला या." आत्या, तिचा नातू आणि मी गेलो तेव्हा टेपचं एक टोक काकांनी स्वतः धरलं होतं. पूर्वेकडची दुकानाची निम्मी बाजू त्यांनी आत्याला दिली. मोजून झाल्यावर फक्त नातवाला म्हणाले की वायरिंग वेगळं करून घे, माझ्या मीटरवर चालवायचं नाही.

नातू त्या वर्षी तोडीला गेला नाही, त्यानं तिथं स्वतःचं वेल्डिंगचं दुकान टाकलं. त्याची बायको दुकानात बसते, हिशेबाला चोख आहे. मधे पत्र्याची भिंत आहे. चुलतभावाचं आणि नातवाचं गिऱ्हाईकावरून अधूनमधून वाजतं. आत्या महिन्यातून एकदा येते. तिच्यासाठी दुसरी खुर्ची टाकतात आणि दोघं बहीणभाऊ दारात बसून रस्त्यावरच्या माणसांबद्दल बोलतात.

माझ्याशी काका अजून बोलत नाहीत. मी गेलो की चहा येतो.