आईच्या टोंगळ्याला लागलेली मर

माझं लग्न झाल्यापासून आई माझ्याकडे कधी दोन रात्री राहिली नव्हती. चांदूर बाजारजवळ आमचं वावर, त्यात झेंडू आणि शेवंती. अकोल्याला माझ्या जठारपेठेतल्या घरी ती सकाळच्या बसने यायची आणि दुसऱ्या दिवशी चहा पिऊन निघायची. का, तर तोडा आहे. फुलं तोडायची आहेत. मी चिडायची. "फुलाईपेक्षा मी कमी हाओ का वं?" असं तोंडावर विचारायची.

"तू का एका दिवसात सुकून जातेस?" ती म्हणायची आणि पिशवी उचलायची.

मग तिचा टोंगळा गेला. टोंगळा म्हणजे गुडघा. वाफ्यात उकिडवं बसून आयुष्य काढल्यावर दुसरं काय होणार? अमरावतीला कृत्रिम गुडघा बसवला. काही महिने छान गेले. नंतर तो सुजला, टाक्याच्या जागेतून पाणी येऊ लागलं. इंजेक्शनं झाली, गोळ्या झाल्या, पाणी काही थांबेना. शेवटी मी तिला अकोल्याला घेऊन आले. इथल्या डॉक्टरांनी गुडघ्यातलं पाणी तपासायला पाठवलं. त्यात बुरशी निघाली.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. बुरशी धातूवर थर धरून बसते, औषध तिथवर पोचत नाही. म्हणून बसवलेला गुडघा काढायचा, त्या जागी औषध मिसळलेला सिमेंटचा ठोकळा ठेवायचा, काही महिने बुरशीच्या गोळ्या घ्यायच्या, आणि आतलं सगळं स्वच्छ झालं की नवा गुडघा बसवायचा.  

"म्हंजे मर लागली," आई म्हणाली. मर म्हणजे बुरशीने झाड मुळापासून वाळून जाणं. "झाड उपटा, जागा मोकळी ठेवा, मंग नवं लावा." डॉक्टर हसले. म्हणाले, "बरोबर आजी, फक्त गोळ्या मला विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत."

ऑपरेशन झालं आणि आई माझ्याकडे राहिली. पाय वाकत नव्हता, वॉकर धरून घरातल्या घरात फिरायची. रोज सकाळी गावी माझ्या भावाला फोन. "पानी देल्लं काय? शेवंतीवर मावा आला काय?" झेंडूच्या देठांनी तिच्या बोटांना कायमचा हिरवट डाग असायचा, तो माझ्या घरी धुऊन धुऊन गेला. ती अधूनमधून स्वतःची बोटं पाहत बसायची. संध्याकाळी ती खुर्चीत, मी खाली तिच्या पायाशी, आणि ती माझ्या केसांना तेल लावायची. या वयात मला आई मिळाली होती. खरं सांगते, फार सुख वाटायचं. आणि तिचं लक्ष वावरात आहे हे बोटांतूनच कळायचं, ती मधेच थांबायची.

जखम सुकली, दुसरं ऑपरेशन जवळ आलं, आणि टोंगळा पुन्हा सुजला. पाणी तपासलं. पुन्हा बुरशी. घरी येऊन मी तिची पिशवी उलटी केली तर लुगड्याच्या घडीत गोळ्यांची पाकिटं, जशीच्या तशी.

"कावून बंद केल्या वं?"

"तोडा जवळ आला का फवारा बंद करतो ना आपन," ती म्हणाली. "मले वाटलं, आता नवा टोंगळा बसवनार, तर अंगात जहर कायले ठेवा?"

मी कपाळाला हात लावला. आयुष्यभर तिने फूल बाजारात जाण्याआधी औषधाचा फवारा थांबवला होता. कोणी सांगायची गरज नव्हती तिला.

डॉक्टर रागावले नाहीत. आतलं पुन्हा साफ करू, म्हणाले, पण या वेळीही बुरशी हटली नाही तर पाय कायमचा सरळ जोडून टाकावा लागेल. मग तो कधीच वाकणार नाही.  घरी आल्यावर आई रडली. "सरळ पायानं वाफ्यात कशी बसू वं मी?" बाबा गेले त्यानंतर मी तिला रडताना पाहिलं नव्हतं.

डॉक्टरांनी टोंगळा पुन्हा उघडून साफ केला, आणि त्यानंतर प्रत्येक गोळी मी माझ्या हाताने तिच्या जिभेवर ठेवली. ती बरी झाली की जाणार, हे मला कळत होतं. रोज ठेवताना कळत होतं.

या वेळी पाणी स्वच्छ निघालं. नवा गुडघा बसला, पाय वाकू लागला. उकिडवं बसायचं नाही, ही डॉक्टरांची ताकीद. भावाने वाफ्यासाठी उंच स्टूल करून घेतलं. निघताना माझ्या गालावरून हात फिरवून ती म्हणाली, "तोडा झाला का येतो."

झेंडूचा एक तोडा झाला की दुसरा तयार असतो, माहेरीच शिकले मी ते. तरी संध्याकाळी फोनवर विचारते, "किती राहिला वं तोडा?" ती म्हणते, "झालाच आता." तेलाची बाटली मी अजून तिच्या खुर्चीजवळच ठेवली आहे.