गोल न मारणाऱ्या हेंकसानांचा स्वेटर

हेंकसान गेले हे त्यांच्या बायकोने, नोरिकोसाननी, मला जिन्यात सांगितलं. ते कसे जगले, हे मात्र दोन आठवड्यांनी एका डच वर्तमानपत्राने सांगितलं. माझी नात सई फोनवर भाषांतर करून वाचत होती. मथळ्याचा अर्थ असा, की ज्यांनी तो गोल मारला नाही ते फुटबॉलपटू वारले. मी म्हटलं, पुढे वाच. पुढेही तेच. मैदानाच्या मधोमध आयुष्य धावून गुडघ्यांचा भुगा केलेला माणूस त्यांनी एका न मारलेल्या लाथेत गुंडाळला होता. दूध उतू गेलं तरी मी उठले नाही, इतकी संतापले. आणि संतापाच्या तळाशी थोडी शरमही होती... कारण तोच मथळा वीस वर्षांपूर्वी मी त्यांना तोंडावर ऐकवला होता.

आम्ही टोकियोत निशी-कसाईला आलो ते संगणकवाल्यांच्या लाटेत. पुढे इंजिनियर नवरे, मागून कुकर घेऊन आम्ही बायका. पुण्याच्या शाळेत अठरा वर्षं गणित शिकवलेली मी, इथे व्हिसावर नवऱ्याची आश्रित. तोरा मात्र शाबूत. इमारतीखाली, कावळ्यांनी कचऱ्याच्या पिशव्या फाडू नयेत म्हणून जाळी अंथरणारा एक उंच, लंगडणारा गोरा माणूस रोज दिसे. हा इथला झाडूवाला, असं मी ठरवून टाकलं. दिवाळीला त्याला चिवडा-लाडू आणि आमच्या ह्यांचा जुना मरून रंगाचा स्वेटर नेऊन दिला. थंडीत घाला हो, असंही वर सांगितलं. त्यांनी वाकून, दोन्ही हातांनी घेतला आणि दुसऱ्या दिवशी घातलासुद्धा. बाह्या कोपरापर्यंत! महिन्याभराने कळलं, की ते खालच्या मजल्यावरचे रहिवासी, हेंकसान. कचऱ्याची पाळी प्रत्येक घराला असते, आणि माझी पाळी मला ठाऊकच नसल्याने तीही तेच करत होते. एवढी हुशार मी.

मग ओळख झाली. कालव्याकाठच्या लहान डच गावातला मुलगा, सतराव्या वर्षी क्लबच्या पहिल्या संघात. मागच्यांकडून चेंडू घ्यायचा, पुढच्यांना द्यायचा, हे काम. स्वतःचे गोल फार थोडे. क्लबच्या एकमेव मोठ्या अंतिम सामन्यात गोलकीपर पडलेला, समोर सगळं मोकळं, आणि हेंकसानांनी चेंडू डावीकडच्या सहकाऱ्याला दिला. त्याने तो प्रेक्षकांत मारला. शिव्या मात्र ह्यांना, पार जपानमध्ये खेळायला येईपर्यंत. इथल्या क्लबची दुभाषी नोरिकोसान, म्हणून इथेच राहिले. हे ऐकून मी म्हटलं, "तुम्ही घाबरलात. मी असते तर मारला असता." मी म्हणजे कोण, तर दोन्हीकडचे गोल एकाच संघाचे असतात असं समजणारी बाई. ते हसले.

"ओकुसान, तो माझ्यापेक्षा चांगल्या जागी होता."

ओकुसान म्हणजे वहिनीबाई. त्याच हिवाळ्यात ते म्हणाले, स्टेशनजवळच्या मुलांच्या केंद्रात शिक्षक हवाय, जाऊन या. मी सिल्कची साडी नेसून, प्रमाणपत्रांची फाइल घेऊन गेले. इंग्रजीतून गणित शिकवायला त्यांनी मला लगेच घेतलं. फाइल बघूनच गार पडले, हे मी शेजारच्या फुनाबोरीपर्यंत सगळ्या मराठी बायकांना वीस वर्षं सांगत आले. हेंकसानांनाही, कचऱ्याच्या पिशव्या हातात धरून. ते ऐकून घेत. तेव्हापासून मला सेन्सेई म्हणू लागले. सेन्सेई म्हणजे बाई, पण शाळेतल्या.

ते वर्तमानपत्र ऐकल्यावर मी तणतणत नोरिकोसानकडे गेले. त्यांनी शांतपणे चहा ओतला. म्हणाल्या, केंद्रातली ती नोकरी आधी हेंकना देऊ केली होती. गुडघ्यांमुळे प्रशिक्षकाचं काम सुटून ते वर्षभर घरी होते, त्यांना ती हवीही होती. त्यांनी केंद्राला सांगितलं, वरच्या मजल्यावर खरी शिक्षिका रिकामी बसली आहे.

"मी भांडले त्यांच्याशी," नोरिकोसान म्हणाल्या. "तर म्हणे, त्या जास्त चांगल्या जागी आहेत."

मी चहा तसाच ठेवून उठले.

घरी येऊन सईला म्हटलं, त्या पेपरला पत्र लिही. ती म्हणाली, "आजी, दे वोन्ट प्रिंट इट." न छापोत. मी सांगत गेले: मला फुटबॉल कळत नाही. पण ह्या माणसाने दिलेल्या चेंडूवर टोकियोतली मुलं वीस वर्षं गणित शिकली. याला तुमच्याकडे जे काही म्हणत असतील, ते मथळ्यात घाला. अजून उत्तर नाही. मी दुसरं पत्र सांगणार आहे, ते इतकं सभ्य नसेल.

स्वेटर नोरिकोसान जुन्या कपड्यांच्या दिवशी टाकणार होत्या, तो मी मागून आणला. हेंकसानांच्या अंगावर ताणून तो आता आमच्या ह्यांनाही मोठा होतो. पाळीच्या दिवशी बाह्या तीनदा दुमडून मी तोच घालते. परवा मास्क लावून जाळी अंथरत होते, तर पुण्याहून नुकतीच आलेली एक मुलगी जवळ आली, स्वेटरकडे कळवळून बघितलं आणि नवऱ्याचे जुने हातमोजे पुढे केले. मी वाकून, दोन्ही हातांनी घेतले. मग मराठीत विचारलं, "तिकडे काय काम करत होतीस गं?"