शरबतातल्या अक्षता

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षर म्हणजे कोंबडीनं उकरल्यागत. चौथीनंतर पेन धरला तो सहीपुरताच. ही वही कुणाच्या हाती लागलीच तर सांभाळून घ्या.

उन्हाळ्यात मी घरी गुलाबाचं शरबत करते. गावरान गुलाबाच्या पाकळ्या साखरेत हातानं चुरायच्या, रात्रभर झाकून ठेवायच्या, सकाळी पाणी घालून उकळायच्या, फडक्यातून गाळायचं, लिंबू पिळायचं. माझा हात स्वच्छ म्हणून गल्लीतल्या बायका आधी पैसे देऊन बाटल्या सांगतात. मला चारचौघांत बोलता येत नाही. तेवढाच एक माझा मान.

यंदा औरंगपुऱ्याच्या बाजारात फुलं लई महाग होती. थोरली जाऊ मंगल कार्यालयात झाडलोटीला जाते. ती म्हणाली, "हर्सूलच्या मळ्यातून आणते, निम्म्या पैशात." पिशवीभर सुट्या पाकळ्या आणल्या. देठं तोडायचा ताप वाचला म्हणून मी खूश. धुतल्या की वास उतरतो, म्हणून मी पाकळ्या नुसत्या झटकते. तशाच झटकल्या.

गाळताना बोट बुडवून चाखलं. छान झालं होतं. दुपारपर्यंत सहा बाटल्या घरोघरी दिल्या, मग चोथा टाकायला फडकं उलगडलं. आत पिवळे तांदूळ. वाटलं, आपल्याच डब्यातले सांडले असतील. पण आपले तांदूळ कुठं हळदीचे असतात? त्या अक्षता होत्या. एक लांब केस. आणि चघळून थुंकलेलं सुपारीचं खांड. मोरीत जाऊन मी तीनदा चूळ भरली, तरी जिभेवरून गुलाब जाईना.

जावेला विचारलं. "लग्नातल्याच आहेत," ती म्हणाली. "नवरा-नवरीवर उधळलेल्या, शुभच की!"

"ताई, शंभर चपलांखालच्या झाडून आणल्या तुम्ही."

"उकळलंस ना? मग काय राहतंय त्यात?"

"आणि सुपारी?"

"ती काय मी थुंकले व्हय!" असं म्हणून ती हसली.

गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं. तसं मनात आलं, त्याची मला सुपारीपेक्षा जास्त किळस आली. सहा दारं वाजवली. प्रत्येक दारात खरं काय ते सांगितलं, पैसे परत देते म्हणाले. एकीनं माझ्यासमोरच बाटली नालीत ओतली. कोपऱ्यावरच्या शिक्षिकाबाईंच्या मुलीचे दोन ग्लास पिऊन झाले होते. बाई एवढंच म्हणाल्या, "तुझ्याकडून नव्हतं वाटलं."

पैसे साखरेत आणि बाटल्यांत गेलेले. जावेनं एक रुपया दिला नाही. साड्यांना फॉल लावून लावून मी एकेकीचे फेडले. बाईंचे शेवटी राहिले, कारण त्यांच्या दारात जायला पाय उचलत नव्हते. काल गेले. त्यांनी पैसे घेतले, धुतलेली रिकामी बाटली परत दिली. बाटलीला अजून गुलाबाचा वास होता. ती नाल्याकडेच्या कचऱ्यात टाकली आणि घरी आले. सहाही जणींचे पैसे पुरते फिटले.