एकवीस फूट की तेवीस?

"मॅडम, दोन फुटांनी असा काय फरक पडतो, तेवढं सांगा," प्रतापराव म्हणाले.

आठवडाभर ते हेच विचारत होते. मी चेन्नईत ईस्ट कोस्ट रोडवरच्या एका बोट कंपनीत सेल्स इंजिनिअर आहे. प्रतापराव बँकेतून नुकतेच रिटायर झालेले. घराणं तंजावरचं, घर इथेच पेरुंगुडीत. मराठी जुन्या वळणाची, मध्येच तमिळ, शेवटी आपुलकीचं 'मा'. हौसेनं मासे पकडायला त्यांना बोट हवी होती. एकवीस फुटी आवडली होती, पण तेवीस फुटीवरून नजर हलत नव्हती.

आमचे मॅनेजर मुरली सर मला केबिनमध्ये म्हणाले, "तेवीसच दे."

"सर, त्यांना एकवीसच बरी."

मी बाहेर येऊन प्रतापरावांना कारणं सांगितली. एकवीस हलकी, ट्रेलरवर चढवायला सोपी. तिचा फ्रीबोर्ड, म्हणजे पाण्यापासून काठाची उंची, कमी. मासा आत घेताना फार वाकावं लागत नाही. "आणि एकटा माणूससुद्धा सांभाळू शकतो," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा उतरला. "एकट्यानं कशाला जायचं मा? बायकोला, राधाला न्यायचंय. पण तिला समुद्राची भीती. दर वेळी म्हणते, तुम्ही जाऊन या."

"मग ट्रायलला त्यांनाच घेऊन या."

राधाबाई आल्या. सुती साडी, डोक्याला स्कार्फ. आधी एकवीस फुटी काढली. बोट लाटांवर उडत होती आणि राधाबाई चक्क हसत होत्या. भीतीचं नाव नाही. पण ऊन कडक होतं, त्यांचे ओठ सुकले होते, आणि पाण्याची बाटली पुढे केली की त्या मान हलवत.

"थोडं तरी घ्या."

"नक्को मा."

शहाळं दिलं, तेही नको. तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी त्यांच्या शेजारी सरकले आणि हळूच विचारलं. त्यांनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं. इंजिनाच्या आवाजात त्यांना ऐकू जाणार नव्हतं.

"चार-चार तास समुद्रावर," त्या म्हणाल्या. "बाईमाणसानं जायचं कुठं? हे यांना कसं सांगू?"

मी आमच्या चालकाला बोट वळवायला सांगितली. जेट्टीवर येऊन त्यांना तेवीस फुटीत चढवलं. स्टिअरिंग ज्या उभ्या खोक्यावर असतं त्याला कन्सोल म्हणतात. तेवीस फुटीत तो एवढा रुंद असतो की आत छोटं टॉयलेट बसतं. मी दार उघडून दाखवलं. कडी लावून दाखवली.

राधाबाई आत गेल्या, बाहेर आल्या, आणि उभ्या उभ्या अख्खं शहाळं प्यायल्या. "सरी, ठीक," त्या म्हणाल्या, "आता चला."

खोल पाण्यात त्यांनी नवऱ्याच्या हातून रॉड मागून घेतला. थोड्या वेळानं दोरी ताणली गेली. "अय्यो! सोडू नका! नाही, मीच ओढते!" वंजरम, म्हणजे आपली सुरमई, हातभर लांब. प्रतापराव फोटो काढायचे विसरून नुसते टाळ्या वाजवत होते.

तेवीस फुटी त्याच दिवशी बुक झाली. "मी म्हटलं नव्हतं?" मुरली सर म्हणाले.

परवा प्रतापरावांचा फोन आला. तक्रार होती. "मॅडम, ही परत फिरूच देत नाही. जेवायची वेळ टळते."

लांबी, वजन, इंजिन हे गिऱ्हाईक आपणहून विचारतं. मी आता आधी एवढंच विचारते, सोबत कोण येणार? आणि पुढचं सगळं त्या माणसाशीच बोलते.