फणसाच्या फळीसाठी उंच केलेला बँडसॉ

सहदेव परबचं डोकं सटकलं की तो कुणाच्या बापाचं ऐकत नाही, हे मुलुंड पूर्वेच्या त्या सोसायटीत तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. वय एकसष्ट. तीस वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये फिटर, आणि रिटायर झाल्यापासून घरामागच्या बंदिस्त गॅलरीत त्याचं सुतारकाम. तिथे एक बँडसॉ उभा आहे. दोन चाकांवरून फिरणाऱ्या लांबलचक पात्याची करवत ती. ऑनलाइन मागवलेली, त्या प्रकारातली सगळ्यात स्वस्त, आणि वागायचीही तशीच. सरळ रेघेवर लाकूड घातलं की पातं आपलं निघालं डावीकडे. सहदेव तिला रोज शिव्या घालायचा, आणि दुसऱ्या कुणी नाव ठेवलं तर त्यालाही घालायचा.

यंदा श्रावण लागला आणि त्याने ती करवत पुरती खोलून जमिनीवर पसरली. कारण एकच. थोरला भाऊ राजाराम.

परबांचा गणपती एकच. आधी कुडाळजवळच्या गावी बसायचा, वडिलांनी तो घाटकोपरला भटवाडीच्या खोलीत आणला, वडिलांमागे राजाराम करतो. गावच्या रीतीप्रमाणे मूर्तिकाराकडे आपल्या घरचा पाट नेऊन द्यायचा आणि त्याने त्याच पाटावर मूर्ती घडवायची. जुना पाट वाळवीने खाल्ला. म्हणून गावच्या घरामागचा फणस वादळात पडला, तेव्हा त्याची एक जाडजूड फळी पाटासाठी मुंबईला आली. सहदेवकडे हत्यारं आहेत म्हणून ती मुलुंडला वाळत ठेवली. इथवर सगळं ठीक होतं.

पण गेल्या चतुर्थीला माशी शिंकली. आरतीच्या ताटातली फुलं कोमेजलेली होती. सहदेव म्हणाला, सकाळीच दादरहून आणलीयत. त्यावर राजाराम भरल्या घरात, सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाला, "हो सहदेव ल्हानपणापासूनच खोटारडो." झालं! सहदेवने प्रसादही न घेता चपला चढवल्या. फुलं आदल्या दिवशीची होती, ही गोष्ट वेगळी. पण असं चारचौघांत बोलायचं?

वर्षभर बोलणं नाही. आणि आता राजारामचा मेसेज आला: "फळी पाठवून दे. पाट घरचा आहे."

"घरचा म्हणे! मी काय रस्त्यावरचा?" सहदेव कडाडला. "फळी अडीच इंच जाड आहे. उभी चिरतो. दोन पाट. एक त्याच्या तोंडावर मारतो आणि दुसऱ्यावर माझा गणपती आणतो!"

जानकी, त्याची बायको, भाजी निवडत होती. तिचा हात थांबला. "अहो, एकदा वेगळा गणपती आणलात की दरवर्षी आणावा लागतो. तोडलेला परत जोडता येत नाही. तुमच्यामागे मुलांनीही वेगळंच राहायचं का?"

"त्याला सांग की जाऊन!"

"त्यांना काय सांगू? चिरताय तुम्ही."

सहदेवने पाना उचलला. आता अडचण अशी की फळी दहा इंच रुंद, आणि त्या करवतीत उभं लाकूड जायचं जेमतेम सहा इंच. दुसरा कुणी असता तर फळी वखारीत नेऊन मोकळा झाला असता. पण रागावलेल्या फिटरला वखार सुचत नाही. त्याने ओळखीच्या लेथवाल्याकडून लोखंडी ठोकळा बनवून घेतला, करवतीच्या खांबात मधोमध बसवला आणि वरचं चाक सहा इंच उंच केलं. त्या मापाचं लांब, मोठ्या दातांचं पातं जोडून आणलं. पात्याला दोन्ही बाजूंनी धरायला प्लॅस्टिकचे तुकडे होते ते फेकले, तिथे बेअरिंगं बसवली. ताणाची स्प्रिंग बदलली, चाकांवरचं रबर बदललं, मोटार दुप्पट ताकदीची लावली. पंधरा दिवस माणूस धड जेवला नाही. घास हातात आणि नजर गॅलरीत.

पहिल्यांदा चालू केली तेव्हा वरच्या मजल्यावरचे शरच्चंद्र टिपणीस खिडकीतून ओरडले, "परब, आमचा देव्हारा हलतोय!"

"मग देवाला धरून बसा!" सहदेव खालून ओरडला. टिपणीसांनी खिडकी आपटली.

पण काय सांगू, करवत झकास झाली होती! सागाच्या तुकड्यातून त्याने कागदासारखा पापुद्रा काढला, उजेडात धरला, आणि दाखवायला कुणी आहे का म्हणून मागे वळून पाहिलं. जानकी आत निघून गेली होती.

मूर्तिकाराकडे पाट द्यायला दोन दिवस उरले होते. सकाळी आंघोळ करून सहदेवने फळी उभी केली, आधाराला घट्ट टेकवली आणि सावकाश पुढे सरकवली. फणसाचा पिवळाधमक भुसा उडायला लागला. पातं रेघेवरून केसभरही हललं नाही. चार इंच, सहा, आठ. "घे, राजाराम परब, घे तुझा वाटा!" तो मोठ्याने म्हणाला.

आणि खाडकन आवाज झाला. ठिणगी उडाली, पातं तुटून आतल्या आत आपटलं. सहदेवने झटक्यात बटण बंद केलं. बोटं मोजली. दहाच्या दहा होती.

जानकी धावत आली. "लागलं का?"

"फणसात लोखंड कुठून आलं?" तो पुटपुटला. चिरेत पाचर मारून त्याने टॉर्चचा उजेड आत टाकला. लाकडात काळा डाग पसरला होता, आणि डागाच्या मधोमध पात्याने खरवडलेला लोखंडाचा चकचकीत ठिपका. खिळा. बोटभर जाडीचा, झाडाने पूर्ण गिळलेला. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. टूलरूममध्ये तीस वर्षं काढलेल्या माणसाकडे लोहचुंबक होतं, तेही हाताशी, खिडकीत. फळीवरून एकदा फिरवलं असतं तरी कळलं असतं.

तो खाली स्टुलावर बसला. खिळा त्याला आठवला.

तो तेव्हा नऊ वर्षांचा होता. घरामागचा हाच फणस फळ धरत नव्हता, आणि लोखंड ठोकलं की झाड धरतं असं कुणीतरी म्हणालं होतं. सहदेवने वडिलांच्या पेटीतला सर्वांत मोठा खिळा घेतला आणि दिला ठोकून. झाडातून चीक गळायला लागला. संध्याकाळी वडिलांनी, आबांनी, विचारलं, कोणी केलं? सहदेवने बोट दाखवलं. राजारामकडे. बारा वर्षांच्या राजारामने ओल्या फोकाचा मार खाल्ला, एक शब्द बोलला नाही, आणि त्या रात्री जेवलाही नाही. पुढे सहदेव हे सगळं साफ विसरून गेला. मार त्याने थोडाच खाल्ला होता!

"काय झालं? पांढरेफटक पडलात," जानकी म्हणाली.

"रिक्षा बोलव."

"कुठे जायला?"

"भटवाडीत."

अर्धी चिरलेली फळी मांडीवर आडवी घेऊन तो घाटकोपरला गेला. राजारामने आतलं दार उघडलं, पण जाळीचं उघडलं नाही. पिकलेल्या मिशा, अंगात बंडी, आणि चेहरा दगडाचा.

"तुका काय व्हया?"

सहदेवने खिशातलं लोहचुंबक काढलं आणि फळीला लावलं. ते टक्कन चिकटलं. हात सोडला तरी पडलं नाही.

"खिळो मिया मारललंय, दादा. तुझा नाव मिया घेतललंय."

राजारामने चुंबकाकडे पाहिलं. मग म्हणाला, "माका तेवाच म्हाईत होता. हातोडो तुझ्या गोधडीखाली होतो."

सहदेव जाळीजवळ सरकला. "मगे आबांका सांगलंस नाय कित्याक?"

"तू सांगशीत म्हणान वाट बघी होतंय."

"बावन वर्सां?"

"बावन वर्सां," राजाराम म्हणाला, आणि त्याच्या आवाजात जरासुद्धा माया नव्हती. त्याने फळीतल्या चिरेवरून नजर फिरवली. "अर्धीच कापलंस?"

"खिळ्याक अडाकली."

"मगे तशीच रवांदे. खालसून पट्टी ठोक. पाट एकच व्हतलो."

सहदेवने मान हलवली. तो वळणार, इतक्यात जाळीच्या दाराची कडी निघाली. राजाराम बाजूला झाला, पण त्याच्याकडे बघत नव्हता.

"चपला भायर काढ," तो म्हणाला. "जेवलंस काय? खरा सांग."

"नाय," सहदेव म्हणाला.