बुधवारचा बांगडा

अंधेरीच्या मूकबधिर शाळेच्या सुपरिंटेंडेंट बाईंनी मला फसवलं. पैशात नाही. पैशात मला फसवणं कुणाला जमलेलं नाही. बांगड्यात फसवलं.

गोष्ट पन्नासच्या दशकातली. शाळा निवासी होती. मुलं तिथेच राहायची, शिकायची, आणि त्यांच्या जेवणाचं कंत्राट माझ्याकडे होतं. म्हणजे भांडी माझी, आचारी माझा आणि आमटी पातळ झाली तर बोलणीही मलाच. लालबागच्या खानावळीत ताटं घासत मी इथवर आलो होतो.

कंत्राटाची मुदत संपत आली तेव्हा बाईंनी ऑफिसात बोलावलं.

"या वर्षापासून दर बुधवारी बांगडा हवा."

"महिन्यातून एकदा देतो."

"दर बुधवारी. अर्धी मुलं रत्नागिरी-मालवणकडची आहेत. आईचा आवाज त्यांनी कधी ऐकलेला नाही. लहानांना घरचं पत्रही वाचता येत नाही. घराची म्हणून एक चव तेवढी त्यांना ठाऊक आहे. ती नवी पोर बघा, रोज ताट बाजूला सारते."

"बाई, रडवू नका. रविवारचा शिरा बंद करा, मग बघू."

"शिरा राहणार. जमत नसेल तर बोरिवलीचे एक गृहस्थ तयार आहेत."

ते गृहस्थ मला माहीत होते. लोक डाळीत पाणी घालतात, हे पाण्यात डाळ घालायचे. पण कंत्राट त्यांना गेलं असतं तर मी माझ्या माणसांसकट रस्त्यावर आलो असतो. म्हणून म्हटलं, "आचाऱ्याला विचारून येतो." घासाघिशीतली ही जुनी युक्ती आहे. अडलं की कुणाला तरी विचारायला जायचं. समोरच्याला वाटतं, निर्णय याच्या हातात नाही, आणि तो नरमतो.

आचारी बाबी कुडाळचा. तो अंगणात विहिरीपाशी उभा होता. ऑफिसची खिडकी उघडी आणि आत क्लार्क कान टवकारून बसलेला. म्हणून मी अजिबात आवाज न काढता, नुसते ओठ हलवून विचारलं, "दर बुधवारी बांगडा मिळेल?"

बाबीनेही ओठच हलवले. "मेवणो वेसाव्याक होडयेर आसा. गावतलो."

"म्हणजे तुझ्या मेहुण्याच्या होडीवरून मिळेल. झकास. पण बाईंना कळू द्यायचं नाही. शिरा सुटेपर्यंत ताणायचं."

इथे थोडं समजावून सांगायला हवं. त्या शाळेत मुलांना ओठ वाचायला शिकवत. समोरच्याच्या ओठांची हालचाल बघून तो काय म्हणतो ते ओळखायचं. त्यामुळे "भात हवा का?" एवढंही विचारायचं तर मुलाकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा करून विचारावं लागे. वाढून वाढून बाबीला आणि मला तीच सवय लागली होती. आवाज बंद केला तरी आमचे ओठ शाळेच्या शिस्तीतच हलत होते.

समोर व्हरांड्यात सुमन नावाची मोठी मुलगी तांदूळ निवडत बसली होती. मी तिला पाहिलं होतं. मनात म्हटलं, ही बहिरी, हिची कसली भीती.

मी तोंड पाडून ऑफिसात परतलो. "नाही जमत, बाई. बाबी म्हणतो, मासळी मिळतच नाही हल्ली."

बाई माझ्याकडे बघत नव्हत्या. माझ्या खांद्यावरून दाराकडे बघत होत्या.

"का? बाबीच्या मेहुण्याची होडी बुडाली?"

"कुठली होडी?"

"वेसाव्याची."

मी गर्रकन वळलो. दारात सुमन उभी होती. तिचे ओठ हलत होते आणि एका हाताची होडी अजून हवेत हेलकावत होती. मला बघताच तिने दोन्ही हात पाठीमागे लपवले.

लपवणारच. त्या शाळेत हातवारे करायला बंदी होती. मुलं हातांनी बोलायला लागली तर ओठ वाचायचं शिकणार नाहीत, असं तेव्हाचं शास्त्र, आणि बाई त्या शास्त्राच्या फार कडक. पंगतीत कुणी बोटं चोळून मीठ मागितलं तरी त्याला हाताची घडी घालून बसवत.

"बाई, ही पोर हात हलवत होती."

"कोण? मला नाही दिसलं," बाई म्हणाल्या. "सही इथे करा."

केली. बांगडा दर बुधवारी आणि शिरा दर रविवारी.

पहिल्या बुधवारी त्या नव्या पोरीने बांगडा खाल्ला, काटे ताटाच्या कडेला नीट लावून ठेवले आणि ताट पुन्हा पुढे केलं. दुसरा बांगडा कंत्राटात नव्हता. पण भांडायला बाई तिथे नव्हत्या, म्हणून वाढला.

धंद्यात एवढं शिकलो, की गुपित बोलायचं तर ज्याला ऐकू येतं त्याच्यासमोर बोलावं. तो निदान अर्धवट ऐकतो.

माझी तक्रार मात्र कायम आहे. ओठ वाचले, हरकत नाही. ती शाळेची विद्या. पण हात चालले ते बाईंच्याच नियमाविरुद्ध, बाईंच्याच समोर. चिमूटभर मिठासाठी शिक्षा आणि मला लुटायला मोकळीक, हे कुठल्या शास्त्रात बसतं ते बाईंनी मला सांगावं. मी निवृत्त झालो, त्याही झाल्या. सवड दोघांनाही आहे.